दोनशे किलोमीटरांचे पच्चक्खाण



व्यापाऱ्याच्या घरात कोणत्याही नव्या उद्योगाविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "ह्यात मिळते काय?" प्रश्न रास्त आहे. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना मीही समोरच्या माणसाला वेगवेगळ्या शब्दांत हाच प्रश्न विचारीत आलो. सायकलवरून एका दिवसात दोनशे किलोमीटर जाण्याचा जो छंद अलीकडे आपल्या तरुणांत, आणि आता पन्नाशी-साठीच्या मंडळींतही रुजू लागला आहे, त्याला ही कसोटी लावली तर उत्तर चमत्कारिक येते. येथे बक्षिसाची रक्कम नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. उलट नोंदणीचे पैसे आपणच भरावयाचे आणि घाम आपणच गाळावयाचा. हिशेबी माणसाला हे पटणे अवघड. तरीही ह्या फेऱ्यांचे नियम वाचत गेलो आणि पुढे त्या नियमांनी एक पूर्ण दिवस घालवला, तेव्हा ध्यानात आले की ही गोष्ट आपल्याला मुळीच परकी नाही. आपल्या घरी सकाळी जे पच्चक्खाण घेतले जाते, त्याच्याच जातीची ही आहे. तिच्यातली मर्यादाही तशीच आणि सवलतही तशीच. तेवढेच आज सांगावयाचे आहे.

ह्या फेऱ्यांना 'ब्रेव्हे' म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच; अर्थ प्रमाणपत्र. २०० किलोमीटरांची फेरी साडेतेरा तासांत, ३०० ची २० तासांत, ४०० ची २७ तासांत आणि ६०० ची ४० तासांत पुरी करावयाची, ही मुख्य अट. एका हंगामात ही चारही अंतरे पुरी करणाऱ्यास 'सुपर रँडोनिअर' म्हणतात. निघताना प्रत्येकाच्या हाती एक कार्ड देतात. वाटेत ठरावीक ठिकाणी तपासणीचे टप्पे असतात. तेथे नेमलेल्या वेळेच्या आत पोहोचून कार्डावर नोंद करून घ्यावयाची. जेथे नोंद करणारा माणूस नसतो तेथे एखाद्या दुकानाचे बिल किंवा एटीएमची पावती चालते, कारण तिच्यावर ठिकाण आणि वेळ दोन्ही छापलेली असतात. जन्मभर पावत्या जपलेल्या माझ्यासारख्याला ही तरतूद फार आवडली. टप्प्यांच्या दरम्यान घरच्या गाडीने मागून येऊन पाणी वा फराळ पुरवावयाचा नाही. पंक्चर झाले तर ते आपले आपण काढावयाचे. अंधारात पुढचा-मागचा दिवा आणि प्रकाशात चमकणारे जाकीट सक्तीचे. आणि शेवटी जी यादी निघते तिच्यात क्रमांक नसतात. नऊ तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांनी आलेला, दोघांनी सारखेच मिळवलेले असते.

ह्या प्रकाराचा उगम आपल्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १२ जून १८९७ रोजी इटलीतले बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर सुमारे २३० किलोमीटर. त्यांनी स्वतःवर अट घालून घेतली ती दिवसाच्या उजेडाची : सूर्य मावळण्यापूर्वी प्रवास पुरा झाला पाहिजे. त्या काळच्या सायकली आणि रस्ते पाहता हे धाडसच होते. म्हणून अशा स्वारांना 'ऑडॅक्स', म्हणजे लॅटिनमध्ये धाडसी, असे नाव पडले. १९०४ साली पॅरिसमध्ये ह्या पद्धतीने सायकल चालविणाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले, आणि आज जगभरच्या ब्रेव्हे त्याच 'ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ'च्या नियमांनी चालतात. पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्ट शहरापर्यंत जाऊन परत येण्याची सुमारे १,२०० किलोमीटरांची फेरी १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली. आता ती दर चार वर्षांनी, ९० तासांच्या मुदतीत, ब्रेव्हे म्हणून होते. पुढे दिवे सुधारले, अंतरे वाढली, रात्रीचा प्रवास रूढ झाला. पण ह्या वृक्षाचे बीज सूर्योदय-सूर्यास्ताच्या मर्यादेत आहे, हे चौविहार पाळणाऱ्या समाजाने लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात नागपूर, नाशिक, पुणे, मुंबई येथे अशा फेऱ्या नियमाने होतात. सायकलवरील दीर्घ पल्ल्याचे नाव निघाले की नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन आठवतात. २०१५ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडण्याची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत त्यांनी दोघांच्या संघात पुरी केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. ही माणसे मोठीच. परंतु ती शर्यत आहे, तेथे मागे गाड्या असतात, मदतनीस असतात. ब्रेव्हेचा धर्म निराळा. तेथे आपण आणि आपला शब्द, एवढेच भांडवल.

आता आमच्या फेरीकडे येतो. देऊळघाट हे बुलढाण्याच्या पश्चिमेस, अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारावर वसलेले गाव. पैनगंगेचा उगम ह्याच भागात, मढ येथे. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग सांगत : डोंगरावरचा बालाघाट आणि पूर्णेच्या खोऱ्यातला पाईनघाट. फारसीत बाला म्हणजे वर आणि पाईन म्हणजे खाली. देऊळघाट-बुलढाणा हा वरचा मुलूख. खामगाव, नांदुरा, मलकापूर हा खालचा. दोहोंच्या उंचीत सुमारे साडेतीनशे मीटरांचा फरक. पूर्वी कापसाच्या बैलगाड्या हे घाट उतरून बाजार गाठीत आणि आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज ह्याच घाटांनी कापडाचे गठ्ठे घेऊन वरच्या गावांच्या बाजाराला चढत. आजोबांची सायकल, तिच्या मागच्या कॅरिअरवर दोरीने आवळलेला गठ्ठा आणि हँडलला लटकवलेली गज-कात्रीची पिशवी हे चित्र अनेक घरांत अजून सांगितले जाते. सायकल आपल्या समाजात छंद म्हणून नव्हे, धंद्याचे साधन म्हणून आली.

ब्रेव्हेसाठी दर वेळी दूरच्या शहरात जाणे आमच्यातल्या अनेकांना जमण्यासारखे नव्हते. म्हणून आम्ही नऊ जणांनी नियम तेच ठेवून आपल्याच मुलखात २०० किलोमीटरांची फेरी आखली. प्रमाणपत्र मिळणार नव्हते. नियम मात्र एकही सैल केला नाही. देऊळघाटहून निघून बुलढाणा, तेथून ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणाऱ्या बोथ्याच्या घाटाने खामगाव, पुढे शेगाव आणि परत खामगाव, मग नांदुरा, मलकापूर, मोताळा आणि शेवटी राजूरचा घाट चढून बुलढाणा व देऊळघाट. अभयारण्याचा रस्ता सकाळच्या उजेडात उतरावा आणि चढाचा घाट संध्याकाळी यावा, ह्यासाठी दिशा विचारपूर्वक ठरवली. ज्ञानगंगेत अस्वलांची वस्ती आहे, तेथे अंधारात सायकली घेऊन जाणे शहाणपणाचे नाही. ह्याच अरण्यात २०१९ च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरांहून अधिक चालत येऊन पोहोचला होता. त्याच्या तुलनेत आमचे दोनशे किलोमीटर म्हणजे अंगणातली फेरी.

ऋतूचा विचार आधी केला. ह्या डोंगरांचे खरे रूप भाद्रपद-आश्विनात दिसते. गवत हिरवेगार, ओढे वाहते, ढग घाटाला टेकलेले. पण पावसाळ्यात रस्त्यावर गांडुळे, बेडूक, किडेमुंग्या असंख्य असतात. मुनिमहाराज चातुर्मासात विहार थांबवितात तो ह्याच जीवांसाठी. श्रावकाला तेवढे बंधन नाही. तरी केवळ हौसेसाठी दोनशे किलोमीटर चाके फिरवावयाची तर तो काळ टाळावा, असे आमच्यातल्या जैन मंडळींनी सुचविले आणि इतरांनी ते आनंदाने मानले. फेरी पौषातल्या एका रविवारी ठरली.

दुसरा हिशेब आहाराचा. हा मी कागदावर मांडला होता. पौषात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली तर मुखात काही घालावयास पावणेआठ उलटून जातात. सकाळी सहाला निघून साडेसातची मुदत गाठावयाची म्हणजे साडेतेरा तास. त्यांपैकी खाण्यास मोकळे जेमतेम दहा. आरंभी पावणेदोन तास आणि अखेरीस दीड तास कोरडा. शरीराच्या स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर सुमारे दोन हजार किलोकॅलरींची असते. डोंगराळ दोनशे किलोमीटरांना चार हजारांहून अधिक लागते. म्हणजे उरलेले सर्व त्या दहा तासांत, थोडे थोडे, दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके ह्या मानाने पोटात गेले पाहिजे. भूक लागेपर्यंत थांबणे म्हणजे व्याज थकेपर्यंत थांबण्यासारखे; मग मुद्दलच बुडते.

कंदमूळ न खाणाऱ्यास वाटेवरच्या हॉटेलात फारसे काही मिळत नाही. बटाटेवडा, कांदेपोहे, मिसळ सारेच वर्ज्य. म्हणून प्रत्येकाने पिशवीत खाखरे, सुखडी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि मीठ-साखर-लिंबाच्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या. ही सारी आपल्या विहारसेवेतील आणि यात्रेतील जुनी शिदोरीच आहे. बाजारात महाग पुड्यांतून मिळणाऱ्या खाऊपेक्षा ती कोणत्याही अर्थाने कमी नाही. सूर्यास्तानंतर पाण्याचे काय, हा प्रश्न नाजूक होता. श्रम करणाऱ्या देहाने तहान रोखून धरणे धोक्याचे, म्हणून आम्ही त्या दिवसापुरते तिविहार ठरविले. पाणी मोकळे ठेवले. ३०० किलोमीटरांच्या फेरीचा विचार मी आपल्यापुरता सोडून दिला आहे. तिला वीस तास. रात्रीचे आठ तास उपाशी पाय मारणे माझ्या वयाला आणि माझ्या नियमाला झेपणारे नाही. ज्याला झेपेल त्याने अवश्य जावे.

पहाटे सहाला देऊळघाटहून निघालो तेव्हा थंडी बोटांना झोंबत होती आणि नऊ मागचे दिवे एकामागे एक लुकलुकत होते. आमच्यात चिखलीचे एक शिक्षक, खामगावचे चांदीचे एक व्यापारी, मलकापूरचे सरकीचे एक व्यापारी, माझा पुतण्या आणि देऊळघाटचाच एक मुसलमान तरुण मेकॅनिक असे निरनिराळे लोक होते. बुलढाणा मागे पडले, उजाडले, आणि बोथ्याच्या घाटात सागाच्या वाळक्या पानांचा आवाज सोबतीला आला. पानगळीमुळे दूरवरच्या टेकड्या एकामागे एक स्वच्छ दिसत होत्या. उतारावर सर्वांना हात आवरावे लागले. डोंगरात माणूस चढताना दमतो आणि उतरताना पडतो, हा शिक्षकांचा शेरा तेथे खरा वाटला. नवकारशी आली तेव्हा एका वळणावर थांबून तीन नवकार म्हटले आणि पहिला खजूर तोंडात टाकला. इतर मंडळी वाट पाहत उभी होती. कोणी घाई केली नाही.

खामगावला आमच्या चांदीवाल्या मित्राच्या गावचा मान म्हणून पहिली एटीएम पावती त्यांनी घेतली. १८७० पासून जलंब-खामगाव हा आगगाडीचा फाटा केवळ कापसाच्या बाजारासाठी ह्या गावाला जोडलेला आहे, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. शेगावला भाविकांची गर्दी होती. दूरून नमस्कार करून परतलो. नांदुरा ते मलकापूर हा राष्ट्रीय महामार्गाचा पट्टा मात्र रम्य नाही. ट्रकमागून ट्रक जातात आणि प्रत्येकाच्या वाऱ्याने सायकल एक हात बाजूला सरकते. २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. ही संख्या मी घरच्यांना भिववण्यासाठी सांगत नाही. पोर सायकलवर महामार्गाला जातो म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा येतो तो उगाच नव्हे, हे तरुणांनी जाणावे म्हणून सांगतो. आम्ही त्या पट्ट्यात एका रांगेत, बोलणे बंद ठेवून, पिवळी जाकिटे घालून गेलो.

मलकापूर सोडून मोताळ्याला पोहोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. मापकात १७२ किलोमीटर. वेळ चांगली राखलेली. तेथे सरकीवाले शेठजी सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसले. वय माझ्याच आसपासचे. "जरा दम खातो, मग निघू," म्हणाले. पण हवा गार असताना त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ते डावा खांदा सारखा चोळत होते. पुतण्याने विचारले तेव्हा छातीत दडपल्यासारखे वाटते असे त्यांनी सांगितले आणि लगेच हात झटकून म्हणाले, "काही नाही, ॲसिडिटी आहे. दोनशे म्हणून सांगून निघालो, अन् पावणेदोनशेवर थांबलो तर पोरं काय म्हणतील? समोर घाट दिसतोय, तीस किलोमीटरसुद्धा उरले नाहीत."

वाचकहो, ह्या लेखाचा सारा भार ह्या एका वाक्यावर आहे. 'पोरं काय म्हणतील' ह्या विचाराने आपल्या समाजात दुकाने तोट्यात चालू राहिली आहेत, ऐपत नसता लग्ने झाली आहेत आणि दुखणी अंगावर काढली गेली आहेत. सांगितले ते पुरे करावयाचे हा गुण मोठा. पण ज्या परंपरेने आपल्याला तो गुण दिला, त्याच परंपरेने त्याच्या जोडीला दुसरीही एक गोष्ट दिली आहे, ती आपण पाठ म्हणतो आणि विसरतो.

पच्चक्खाण घेताना आपण नुसती प्रतिज्ञा करीत नाही. तिचे आगारही त्याच श्वासात उच्चारतो. आगार म्हणजे आधीच मोकळी ठेवलेली वाट. विसरून काही घडले, अचानक काही तोंडात गेले, तर व्रत मोडले असे होत नाही. तसाच एक आगार समाधीचा : तीव्र व्याधीने चित्ताची शांती ढळू लागली तर औषधोपचारासाठी सवलत. आणि एक 'महत्तर' कारणाचा : आजारी साधूची सेवा, संघाचे कार्य असे, घेतलेल्या व्रताहून अधिक निर्जरेचे काम समोर आले तर. ज्यांनी हे सूत्र रचले ते मनाने दुबळे नव्हते. माणसाचा देह आणि माणसाचा अहंकार दोन्ही त्यांना पुरते ठाऊक होते. आगार हा व्रताचाच भाग आहे. ब्रेव्हेच्या नियमांतही तो आहे : वाटेत थांबावयाचे झाल्यास आयोजकाला कळवावे आणि थांबावे. दंड नाही, जाब नाही. पुढच्या वेळी पुन्हा नाव नोंदवावे.

मी शेठजींच्या शेजारी बसून एवढेच म्हटले, "शेठजी, पच्चक्खाणाला आगार असतात, तुमच्या सायकलीला नसावेत काय?" ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातले कार्ड काढून पुतण्याच्या हाती दिले. मेकॅनिक तरुणाने तोवर ओळखीच्या एका जीपवाल्याला बोलावले होते. एकट्याला पाठविणे बरे नव्हे. कोणीतरी बरोबर जावयास हवे होते. पुतण्याने कोणास न विचारता आपली सायकल जीपच्या टपावर चढविली. तो त्या दिवशी आम्हा सर्वांत ताजा होता, आणि चार महिने सराव करून आलेला होता. त्याचेही कार्ड १७२ वरच बंद झाले.

बुलढाण्याच्या रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला तेव्हा ती ॲसिडिटी नव्हती असे निघाले. रक्तवाहिनीत अडथळा होता. पुढे स्टेंट बसविली गेली आणि शेठजी आज सुखरूप आहेत. तो साडेतीनशे मीटरांचा घाट त्यांनी त्या अवस्थेत चढला असता तर काय झाले असते, ह्याचा विचार त्यांच्या घरचे आजही करू इच्छीत नाहीत.

उरलो सात. मोताळ्याला पाऊण तास गेला होता. राजूरच्या घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा पाच वाजून पस्तीस मिनिटे झाली होती आणि ऊन डोंगरमाथ्यावर चढले होते. सर्वांच्या मनात मुदत होती; मी पेडलवर पाय ठेवला तोच तो मेकॅनिक तरुण म्हणाला, "काका, आधी तुम्ही खाऊन घ्या. सूर्य गेला म्हणजे तुम्हाला चालणार नाही. घाट कुठे पळून जात नाही." दिवसभर माझ्या खाण्याच्या वेळा त्याने न सांगता लक्षात ठेवल्या होत्या. रस्त्याच्या कडेला उभे राहून सुखडीच्या दोन वड्या आणि एक केळे खाल्ले, आणि तेथेच हात जोडून तिविहाराचे पच्चक्खाण घेतले. पूर्वी हिशेब केला होता तो आठवला : माणूस व सायकल मिळून ऐंशी किलोचे ओझे साडेतीनशे मीटर वर नेण्यास शरीराला पावणेतीनशे किलोकॅलरी पुरतात, म्हणजे दोन-तीन भाकऱ्यांचा ऐवज. कागदावर घाट तेवढाच असतो.

प्रत्यक्षात तो बराच मोठा होता. सर्वांत खालच्या गिअरवर, चालणाऱ्या माणसाहून किंचित अधिक वेगाने, वळणामागून वळण घेत आम्ही चढलो. कोणी कोणाला मागे टाकले नाही. जो मागे पडे त्याच्यासाठी पुढच्या वळणावर दिवा थांबलेला दिसे. मध्यावर सूर्य गेला. खाली पूर्णेच्या खोऱ्यात गावांचे दिवे लागत होते, आणि दिवसभर आम्ही जेथून आलो ती सारी वाट त्या दिव्यांच्या रांगेत ओळखता येत होती. बुलढाण्याला पोहोचताच प्रथम रुग्णालयात फोन केला. शेठजी स्थिर आहेत असे कळले तेव्हा पुढची वाट धरली. देऊळघाटला पोहोचलो तेव्हा सात वाजून अठरा मिनिटे झाली होती. बारा मिनिटे शिल्लक.

मिळाले काय, ह्या प्रश्नाचे उत्तर आता द्यावयास हवे. सात जणांना पुरी झालेली कार्डे मिळाली. पण त्या रात्री नऊही कार्डे शेजारी शेजारी मांडली तेव्हा मला सर्वांत मोलाचे वाटले ते पुतण्याचे अपुरे कार्ड. आम्ही सात जणांनी घेतलेली प्रतिज्ञा पाळली. शेठजींनी समाधीचा आगार वापरला. आणि त्या बावीस वर्षांच्या मुलाने महत्तर कारणाचा. तिघांपैकी कोणीही नियम मोडला नाही. ताळेबंदात सर्वच रकमा जमेच्या बाजूला लिहावयाच्या नसतात, तरी ताळेबंद जुळतो.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्या घरचा मुलगा, सून वा मुलगी अशा फेरीला जाऊ इच्छीत असेल तर नकार देण्याची घाई करू नये. चौकशी मात्र कसून करावी. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चमकणारे जाकीट आहे काय? बरोबर कोण आहे? चाळिशी उलटलेली असेल तर रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी झाली आहे काय? वीस, चाळीस, सत्तर, शंभर अशा पायऱ्यांनी सराव झाला आहे काय? कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. तेव्हा सराव सुरू केला तर पौषात दोनशेची तयारी होते आणि दिवसही थंड असतात. शिदोरी घरून बांधून द्यावी. आणि निघताना "जिंकून ये" असे म्हणू नये, कारण तेथे जिंकण्यासारखे काही नाही. "नियमाने जा, आणि थांबावे लागले तर थांब, आम्ही काही म्हणणार नाही," एवढे सांगावे. हे वाक्य घरातून आधीच मिळालेले असले म्हणजे मोताळ्याच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला 'पोरं काय म्हणतील' असा प्रश्न पडत नाही.

शेठजी सध्या डॉक्टरांच्या अनुमतीने रोज सकाळी सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर सायकल चालवतात, खाली मलकापूरला. पुतण्याने यंदाच्या पौषासाठी नाव दिले आहे. आखणी तीच आहे. फक्त मोताळ्याच्या टप्प्यावर ह्या वेळी शेठजी स्वतः शिक्के मारावयास बसणार आहेत.